खाजगी शाळा, सरकारी तिजोरी आणि कॉलेजचे आगाऊ क्रेडिट

शाळेत शिकणाऱ्या मुलाने कॉलेजचा एखादा विषय घ्यावा, त्याची परीक्षा द्यावी आणि पास झाल्यावर ते 'क्रेडिट' त्याच्या पुढच्या पदवीत धरले जावे, अशी सोय अमेरिकेत आहे. तिला 'ड्युअल एनरोलमेंट' म्हणतात. आपल्याकडेही अकरावी-बारावीची मुले कॉलेजच्याच इमारतीत बसतात, पण पदवीच्या खात्यावर त्यांच्या नावे काही जमा होत नाही. तिकडे जमा होते. तिथल्या चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि एक विषय बहुधा ३ क्रेडिटचा असतो. शाळेत असतानाच ३० क्रेडिट मिळवणारा विद्यार्थी पदवीचे एक वर्ष वाचवतो आणि त्या वर्षाची फीही वाचवतो. ज्या देशात शिक्षणाचे कर्ज फेडता फेडता माणसे चाळिशी गाठतात, त्या देशात हे वाचलेले वर्ष म्हणजे रोख रक्कमच होय.

ही सोय आता किरकोळ राहिलेली नाही. २०२२-२३ या वर्षात सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी अशा रीतीने कॉलेजचे विषय घेतले. कम्युनिटी कॉलेज म्हणून जी स्वस्त, दोन वर्षांची सरकारी कॉलेजे तिथे आहेत, त्यांच्या पटावरचा पाचातला एक विद्यार्थी आज शाळेतला आहे.

मग ही फी भरायची कोणी? सरकारी शाळेतल्या मुलाची फी सरकारी व्यवस्थेने भरली तर फारशी तक्रार होत नाही. पण ज्याच्या आईबापांनी सरकारी शाळा सोडून त्याला खाजगी शाळेत घातले, त्याच्या कॉलेज क्रेडिटची फीही करदात्यांनी भरावी काय? अमेरिकेतील राज्याराज्यांत हा वाद चालू आहे. अमेरिकेतल्या भांडणात आपण कशाला डोके घालायचे, असे कोणी विचारील. डोके घालायचे ते अशासाठी की "पैसा शाळेला देत नाही, मुलाला देतो" हे तिथले वाक्य आपल्या देशात जसेच्या तसे वापरले जात आहे, आणि क्रेडिटची खातेवही आपल्याकडेही उघडली गेली आहे.

या प्रकाराची सुरुवात १९८५ मध्ये मिनेसोटा राज्याने केली. रुडी पर्पिच हे तेव्हा तिथले गव्हर्नर होते. आज मिनेसोटात सरकारी शाळा, खाजगी शाळा आणि घरीच शिकणारी मुले अशा तिघांनाही ही दारे उघडी आहेत आणि शिकवणी फी व पुस्तके यांचा खर्च राज्य उचलते. ओहायोने १९८९ मध्ये अशी योजना आणली आणि २०१५-१६ पासून तिच्या जागी 'कॉलेज क्रेडिट प्लस' सुरू केली. ओहायोची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे या वादाचे मर्म उघडे पडते. सरकारी शाळेचा विद्यार्थी कॉलेजचा विषय घेतो तेव्हा त्याची रक्कम त्याच्या शाळा जिल्ह्याला मिळणाऱ्या राज्य अनुदानातून कापली जाते. राज्याच्या तिजोरीवर नवा बोजा पडत नाही, एका खिशातले दुसऱ्या खिशात जाते. खाजगी शाळेच्या विद्यार्थ्यामागे मात्र कापायला असे जिल्हा अनुदान नसते. म्हणून राज्याला त्याच्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी रक्कम ठेवावी लागते. ती मर्यादित असते, तिच्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो आणि जेवढे क्रेडिट-तास मंजूर होतात तेवढ्यांचीच फी भरली जाते.

तात्पर्य, सरकारी शाळेतले मूल कॉलेजात गेले तर सरकारी शाळेचा खिसा हलका होतो आणि खाजगी शाळेतले मूल गेले तर खाजगी शाळेला एक छदामही द्यावा लागत नाही. ओहायोतील खाजगी शाळा या योजनेत यायचे की नाही हेही स्वतःच ठरवते. सरकारी शाळेला ती मुभा नाही.

फ्लोरिडात हा हिशोब आणखी पुढे गेला आहे. तिथे २०१३ मध्ये कायदा बदलला आणि मूल कॉलेजच्या आवारात शिकत असेल तर ठरलेली फी शाळा जिल्ह्याने कॉलेजला द्यावी असे ठरले. तिथल्या राज्य कॉलेजांचा हा दर क्रेडिट-तासाला ७१.९८ डॉलर आहे. मग कॉलेजांनी खाजगी शाळांकडेही पैसे मागायला सुरुवात केली. पुष्कळ लहान शाळांना ते झेपेना आणि खाजगी शाळांमधून येणाऱ्या मुलांची संख्या घसरली. खाजगी शाळांची ओरड विधिमंडळापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. २०२१ मध्ये खास शिष्यवृत्ती कार्यक्रम उभा राहिला. खाजगी शाळेतील आणि घरी शिकणाऱ्या मुलांची फी व पुस्तकांचा खर्च राज्य आता थेट कॉलेजांना भरून देते. पहिल्याच वर्षी त्यासाठी दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम ठेवली गेली.

इथपर्यंतही समजून घेता येईल. पण २०२३ मध्ये फ्लोरिडाने खाजगी शाळांच्या फीसाठी दिल्या जाणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीवरची उत्पन्नाची अट काढून टाकली. कोट्यधीशाचा मुलगाही आता तिच्यासाठी पात्र आहे. या दोन गोष्टी एकमेकांशेजारी ठेवून पाहा. श्रीमंत घरातील मुलाच्या खाजगी शाळेची फी सरकारकडून आणि त्याच मुलाच्या कॉलेज क्रेडिटची फीही सरकारच्या दुसऱ्या खात्यातून! सरकारी शाळेतल्या गरीब मुलाच्या क्रेडिटची रक्कम मात्र त्याच्या शाळा जिल्ह्याच्या अनुदानातून जाते. त्याला पुढे चांगली ग्रेड मिळाली तर जिल्ह्याला थोडे वाढीव अनुदान मिळते, हे खरे आहे. ते सांगितले नाही तर हिशोब अप्रामाणिक होईल. पण आधी भरायचे आणि नंतर मुलाच्या ग्रेडवर थोडे परत मिळवायचे, ही अट ज्याच्या पायात अडकवली आहे त्याने बिनाअटीच्या माणसाबरोबर पळायचे आहे.

खाजगी शाळांच्या पालकांचे म्हणणे काय आहे, तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आम्हीही कर भरतो. आमच्या मुलामागे राज्याला सरकारी शाळेचा खर्च करावा लागत नाही. मग कॉलेजची फी दिली तर काय बिघडले? शिवाय खाजगी शाळा म्हणजे केवळ धनिकांची शाळा असे समजणे चुकीचे आहे. क्लीव्हलंडसारख्या शहरात कृष्णवर्णीय कामगारांच्या वस्तीतील कितीतरी मुले कॅथॉलिक शाळांत शिकतात. सरकारी शाळा मोडकळीस आल्या म्हणूनच त्यांच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना तिथे घातले. अशा मुलीला, तुझी शाळा खाजगी आहे, म्हणून तुला कॉलेजचे क्रेडिट नाही, असे सांगणे अन्यायाचेच होईल. ते आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आमचा आक्षेप खाजगी या शब्दावर नाही. बाबासाहेबांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी ही तरी कुठे सरकारी होती? १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, सकाळी वर्ग भरवून नोकरी करणाऱ्या तरुणांना तिथे पदवीची वाट मोकळी झाली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. संस्था खाजगीच होती. तिचे दार कोणासाठी उघडले, हा खरा प्रश्न असतो.

आणि नेमका हाच प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ नये म्हणून "पैसा मुलाला, शाळेला नव्हे" हे वाक्य पुढे केले जाते. या वाक्याला तिथे मोठा इतिहास आहे. १९३० मध्ये लुईझियाना राज्याने खाजगी शाळांतील मुलांना मोफत पाठ्यपुस्तके दिली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवले. लाभ मुलाचा आहे, शाळेचा नाही, असे कारण दिले. ऐकायला हे न्याय्यच वाटते. पण या तत्त्वाचा पुढे गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी कसा वापर केला, ते पाहा.

व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने आपल्या शाळेच्या हलाखीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवून आणला. त्यातून निघालेला खटला १९५४ च्या प्रसिद्ध 'ब्राऊन' निकालाचा एक भाग बनला. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. मग त्या काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी काय केले? १९५९ मध्ये त्यांनी सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले! गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी निघाली आणि पुढे तिच्या फीसाठी पालकांना सरकारी अनुदान व करसवलत मिळू लागली. काळ्या मुलांना पाच वर्षे सरकारी शाळाच नव्हती. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा उघडल्या तोपर्यंत एक अख्खी पिढी अक्षरापासून तोडली गेली होती. पाणवठा सर्वांना खुला करा म्हटल्यावर तळेच बुजवून घरात खाजगी आड खणायचा, अशीच ही रीत. ती ओळखायला महाडचा वारसा सांगणाऱ्यांना वेळ लागू नये.

मिसिसिपीतही तेच घडले. १९६३-६४ मध्ये तिथे कॅथॉलिक शाळा वगळता १७ खाजगी शाळा होत्या आणि त्यांत २,३६२ मुले होती. एकत्रीकरणाचे आदेश येऊ लागल्यावर १९७० पर्यंत अशा शाळा १५५ झाल्या आणि त्यांत सुमारे ४२,००० मुले गेली, जवळपास सगळी गोरी. राज्य सरकार या सगळ्यांना मोफत पाठ्यपुस्तके पुरवत होते. पुस्तके मुलांना देतो, शाळांना नाही, असा त्यांचा बचाव होता. कृष्णवर्णीय पालक न्यायालयात गेले. १९७३ च्या 'नॉरवुड विरुद्ध हॅरिसन' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की जी शाळा वंशभेद करते तिच्या विद्यार्थ्यांना पुस्तके देणे म्हणजे त्या भेदाला सरकारी हातभार लावणे होय. पुस्तक जर शाळेला पोचलेली मदत ठरते, तर कॉलेजचे क्रेडिट का ठरू नये? आमच्याकडे या, कॉलेजचे एक वर्ष फुकट पदरात पडेल, अशी जाहिरात खाजगी शाळेला करता आली की तिचे गिऱ्हाईक वाढतेच. फी कॉलेजच्या खात्यात जाते, शाळेच्या नाही, हा केवळ कागदावरचा मार्ग झाला.

आज उघड वंशभेद करणारी शाळा कायद्यात बसत नाही. १९७६ च्या निकालाने तेही दार बंद केले. पण प्रवेश नाकारायला रंगाचे नाव घ्यावेच लागते असे नाही. देणगी, मुलाखत, बसचा खर्च, धर्मश्रद्धेचे निवेदन अशी किती तरी कुंपणे असतात. मिनेसोटात २०२३ मध्ये विधिमंडळाने ठरवले की ज्या कॉलेजात या शाळकरी मुलांकडून श्रद्धेचे निवेदन लिहून घेतले जाते, त्या कॉलेजला या योजनेत घेऊ नये. दोन ख्रिस्ती कॉलेजे आणि काही पालक न्यायालयात गेले. २०२५ मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. सरकारचा पैसा घ्यायचा आणि दारावर मात्र आमच्या धर्माची पाटी राहील, असा हा हक्क. धर्मस्वातंत्र्य कोणाला नको आहे? पण दारावरची पाटी जपायची असेल तर दाराआडचा खर्चही त्या धर्माच्या भक्तांनीच करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाबासाहेब १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच्याशी संलग्न असलेल्या टीचर्स कॉलेजमध्ये आज कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारे एक केंद्र आहे. ड्युअल एनरोलमेंटवर तिथल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे काम केले आहे. या योजनांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे प्रमाण त्यांच्या शाळांतील संख्येच्या मानाने कमी आहे, असे ते सांगतात. बऱ्याच ठिकाणी या योजना विशेषाधिकार असलेल्यांचेच कार्यक्रम झाल्या आहेत, अशी कबुली तिथल्या अभ्यासकांनीच दिली आहे. म्हणजे सरकारी शाळांच्या आतच अजून समता आलेली नाही. फ्लोरिडात कॉलेज क्रेडिटसाठी शाळेत सरासरी ३.० ग्रेड हवी आणि वर प्रवेश चाचणीही. कॉलेज दूर, बस नाही, बाप दोन पाळ्यांत राबतो, ही योजना आहे हे सांगणारा समुपदेशक शाळेत एकच आणि त्याच्यापुढे शेकडो मुले. कागदावर सर्वांना मोफत असलेली गोष्ट ही कुंपणे ओलांडणाऱ्याच्याच हाती लागते. अशा वेळी राज्याच्या हातात नवा पैसा आला तर तो आधी कुठे जायला हवा? या मुलांच्या बसभाड्यात, पुस्तकांत, समुपदेशकांत. खाजगी शाळांचा नंबर त्यानंतर. आणि तिथेही शाळेचा प्रकार न पाहता घरचे उत्पन्न पाहावे, शाळेने कोणाला घेतले आणि कोणाला परत पाठवले याची नोंदवही उघडी ठेवावी, भेद केलेला आढळला की पैसा बंद करावा.

सरकारी पैशावर परदेशी शिकलेले बाबासाहेब तुम्हाला चालतात, मग खाजगी शाळेतल्या मुलाला पैसा का चालत नाही, असा प्रश्न आमच्याच काही सुशिक्षित मित्रांना सुचतो. बडोदा संस्थानाने बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. पण ती कोणाला दिली? ज्याला वर्गाबाहेर बसवले गेले, पाण्याच्या घोटासाठी ज्याला शिपायाची वाट पाहावी लागली, त्याला. आणि ती अटींसह दिली, परतल्यावर संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेऊन. सार्वजनिक पैसा कोणावर खर्च करायचा याचे हे उत्तम उदाहरण आहे. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या अनुदानावर बोलले तेव्हा त्यांनी दारूच्या महसुलाची रक्कम शिक्षणावरच्या खर्चाशेजारी ठेवून सरकारला जाब विचारला होता आणि खालच्या थरांसाठी उच्च शिक्षण शक्य तितके स्वस्त करा असे बजावले होते. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्याच शिष्यवृत्तीची आज काय दशा आहे? अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, महिनोन्‌महिने न येणारा हप्ता आणि तोवर निकालपत्र अडवून ठेवणारे कॉलेज.

आता आपल्या खातेवहीकडे येऊ. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आणली. २०२३ मध्ये 'नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क' आले आणि शाळेपासून पीएच.डी.पर्यंत सगळ्या शिक्षणाला क्रेडिटचे माप लावले गेले. तीस तास म्हणजे एक क्रेडिट, शाळेच्या एका वर्षाचे चाळीस क्रेडिट. वर्गाबाहेरचे शिक्षण, कौशल्य, खेळ, कला, ऑनलाइन कोर्स हे सगळे त्यात मोजता येते. शाळेतच कॉलेजचे क्रेडिट देण्याची अमेरिकन पद्धत आपल्याकडे सर्रास सुरू झालेली नाही. पण तिच्यासाठी लागणारी वही तयार आहे. ज्या खाजगी इंटरनॅशनल शाळेत रोबोटिक्सची प्रयोगशाळा, पोहण्याचा तलाव आणि पियानोचे शिक्षक आहेत, तिथल्या मुलाचे खाते बारावीपर्यंत फुगलेले असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, तिथल्या मुलीच्या खात्यात काय असेल? तिने शेतात केलेले काम, धाकट्या भावंडांना सांभाळलेले तास कोण मोजणार आहे? आणि पुढे प्रवेशाच्या वेळी हेच फुगलेले खाते 'गुणवत्ता' म्हणून समोर ठेवले जाईल, यात आम्हाला शंका नाही.

खाजगी शाळांच्या औदार्यावर भिस्त ठेवायची म्हटले, तर महाराष्ट्राने अलीकडेच काय पाहिले? शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांना २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना देणे बंधनकारक केले आहे आणि त्या मुलांच्या फीचा परतावा सरकारने द्यायचा आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातून मोकळे केले. म्हणजे पैसा गरीब मुलाच्या मागे जाणार होता तिथे सरकारला एकाएकी जवळची सरकारी शाळा आठवली! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. पालकांना न्यायालयात जावे लागले तेव्हा हे झाले.

म्हणून क्रेडिटच्या या नव्या व्यवस्थेत शाळकरी मुलांच्या कॉलेज विषयांसाठी एक रुपया जरी सरकारने द्यायचा ठरवला, तरी त्याचा शासन निर्णय निघण्याआधीच आमच्या विद्यार्थी संघटनांनी आणि शिक्षक संघटनांनी शिक्षण विभागाकडे आणि सामाजिक न्याय विभागाकडे लेखी मागणी नोंदवली पाहिजे. पहिला पैसा जिल्हा परिषद, महापालिका, आश्रमशाळा आणि समाजकल्याणच्या निवासी शाळांतील मुलांसाठी असावा आणि त्यात बसभाडे व पुस्तके धरलेली असावीत. खाजगी शाळेतील मुलाला द्यायचे तर उत्पन्नाच्या दाखल्यावर द्यावे आणि ज्या शाळेने २५ टक्के जागा भरल्या नाहीत तिच्या नावापुढे ती रक्कम शून्य लिहावी. हे निर्णयाच्या मजकुरातच असायला हवे. मागून काढलेल्या परिपत्रकांचे काय होते, ते शिष्यवृत्तीच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पोराला माहीत आहे.